गावातल्या दुहीला इंग्रजीत काय म्हणावे?

वाचकांचे प्रश्न, भाषेची उत्तरे

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात राहतो आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. इंग्रजी निबंधाच्या सरावासाठी मी आमच्या गावाविषयी लिहायला घेतले आहे. सोसायटीच्या मागच्या निवडणुकीपासून आमच्याकडे पोळ्याला दोन तोरणे लागतात, हरिनाम सप्ताहाचे दोन मंडप पडतात आणि एका पार्टीचा माणूस दुसऱ्या पार्टीच्या माणसाची बैलबंडी आपल्या वावरातून जाऊ देत नाही. हे सगळे सांगायला माझ्याजवळ 'क्वारल' आणि 'फाइट' हे दोनच शब्द आहेत आणि ते दोन्ही अपुरे वाटतात. मोठ्या समूहात सर्वदूर पसरलेल्या दुहीसाठी एखादा प्रौढ इंग्रजी शब्द सांगाल का? शब्दकोशात 'डिस्कॉर्ड', 'स्ट्राइफ', 'डिसेन्शन', 'फॅक्शनॅलिझम' असे बरेच शब्द सापडले, पण त्यांतला कोणता घ्यावा हे कळत नाही.

उत्तर : तुम्ही वर्णन केलेल्या परिस्थितीला सर्वांत जवळचा शब्द 'डिसेन्शन' हा आहे. त्याचे स्पेलिंग डी, आय, दोन एस, ई, एन, एस, आय, ओ, एन असे आहे. शेवटच्या एसच्या जागी टी घातलेले रूपही जुन्या लेखनात आढळते, परंतु उत्तरपत्रिकेत एसचेच रूप ठेवावे. उच्चारात भर मधल्या 'सेन्' या अवयवावर येतो.

'क्वारल' तुम्हाला अपुरा वाटला ते योग्यच आहे. क्वारल म्हणजे भांडण, आणि भांडणाला भांडणारी माणसे लागतात. धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला म्हणून दोन शेजारी एकमेकांवर धावून गेले तर ते भांडण झाले. कोण भांडले, कशावरून भांडले आणि कधी भांडले हे सांगता येते. तुमच्या पत्रातल्या गोष्टी तशा नाहीत. दोन तोरणे लागली त्या दिवशी गावात कोणी कोणाला शिवीही दिली नसेल, आणि तरीही गाव फाटलेले आहे.

हा फरक आपल्याकडे एका सरकारी उपक्रमाच्या निमित्ताने फार स्पष्टपणे दिसला आहे. 15 ऑगस्ट 2007 पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावी तंटामुक्ती समित्या बसल्या. दिवाणी, महसुली, फौजदारी असे वर्ग पाडून तंट्यांची नोंद करायची, दोन्ही बाजूंना समोर बसवायचे आणि सामोपचाराने मिटवायचे, अशी ती रीत होती. वर्षानुवर्षांचे धुऱ्याचे आणि पांदणीचे, म्हणजे शेतवाटेचे, कितीतरी वाद त्यातून मिटले, आणि त्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे. तथापि तंट्याला वादी असतो, प्रतिवादी असतो, नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. डिसेन्शनला यांतले काहीच नसते. नोंदवहीत एकही तंटा शिल्लक नसलेल्या गावात लग्नाच्या पंगतीला अर्धे गाव येत नाही, असे होऊ शकते. समितीपुढे ठेवायला तिथे कागदच नसतो. तुम्हाला हव्या असलेल्या शब्दाने हीच कागदावर न येणारी अवस्था सांगायची आहे, आणि डिसेन्शन ती सांगतो.

या शब्दाचे मूळ लॅटिन आहे. 'डिस' म्हणजे वेगळे, विलग, आणि 'सेंतिरे' म्हणजे वाटणे, जाणवणे. एकाच समूहातल्या माणसांना एकाच गोष्टीविषयी वेगवेगळे वाटू लागणे, हा त्याचा मूळ अर्थ. याच 'सेंतिरे'पासून 'सेंटिमेंट' आला आणि याच्याच पोटातून 'कन्सेन्सस' हा शब्दही निघाला. 'कॉन' म्हणजे सोबत, म्हणून कन्सेन्सस म्हणजे सोबतीने वाटणे. तेव्हा डिसेन्शन आणि कन्सेन्सस ही एकाच आईची दोन विरुद्ध स्वभावांची लेकरे आहेत. ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध झाली की वृत्तपत्रे 'गावाचे एकमत' असे छापतात. पण विरोधी अर्ज आला नाही आणि सर्वांना सारखे वाटले, या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे खेड्यात राहणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

'डिस्कॉर्ड' हा त्याचा जवळचा नातेवाईक आहे. त्यातला 'कॉर' म्हणजे लॅटिनमध्ये हृदय. हृदये एकमेकांपासून दूर होणे म्हणजे डिस्कॉर्ड, आणि आपल्याकडे याला नेमका तसाच घडलेला शब्द आहे, तो म्हणजे बेदिली. रोम आणि वऱ्हाड यांचा काही संबंध नसताना दोन्हीकडच्या माणसांनी या दुखण्याची जागा हृदयातच दाखवली, याचे मला आजही नवल वाटते. डिस्कॉर्ड संगीतातही वापरतात. तिथे त्याचा अर्थ न जुळणारे स्वर असा होतो. मात्र डिस्कॉर्ड नवराबायकोतही असू शकतो, दोन भावांतही असू शकतो. डिसेन्शन या शब्दामागे बहुधा एखादी संघटना, पक्ष, फौज, सभा किंवा गाव उभे असते, म्हणजे ज्यांनी एकत्र असणे अपेक्षित आहे असा समूह. तुमच्या निबंधासाठी हा फरक पुरेसा निर्णायक आहे.

'स्ट्राइफ' तुम्ही घेऊ नये असे मला वाटते. तो फार जड शब्द आहे. 'सिव्हिल स्ट्राइफ' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे जाळपोळ आणि रक्तपात येतो. तुमच्या गावाची स्थिती तिथवर गेलेली नाही, आणि शब्दानेही तिला तिथवर नेऊ नये.

'फॅक्शनॅलिझम' म्हणजे गटबाजी. तोही तुमच्या गावाला लागू पडतो, पण तो दुखण्याचे नव्हे, दुखणे ज्या रूपात दिसते त्या रूपाचे नाव आहे. 'फॅक्शन' म्हणजे गट किंवा आपल्या बोलीतली पार्टी. रोमन जगात रथांच्या शर्यती लावणाऱ्या संघांना हेच नाव होते आणि ते संघ रंगांवरून ओळखले जात. आपल्याकडच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, एखाद्या गावाची जोडी जिंकली की ते गाव जसे आपलीच जीत झाल्यासारखे उसळते, तसे तिथे अख्खे शहर निळ्या आणि हिरव्या रंगांत वाटले गेले होते. इसवी सन 532 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या शर्यतीच्या मैदानातून या निळ्या-हिरव्यांचा जो दंगा उठला, तो सम्राट जस्टिनियनला लष्कर घालून मोडावा लागला आणि त्यात हजारो माणसे मारली गेली. शर्यतीच्या रंगापासून निघालेली गटबाजी राज्याच्या मुळापर्यंत कशी जाते, याचे ते उदाहरण आहे. तुम्ही निबंधात लिहिताना डिसेन्शन हे अवस्थेसाठी आणि फॅक्शन हे त्या अवस्थेतल्या प्रत्येक पार्टीसाठी, अशी वाटणी केली तर दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतील. 'पोलरायझेशन' हल्ली फार ऐकू येतो. लोहचुंबकाच्या दोन टोकांसारखी माणसे दोन टोकांना जाणे, एवढाच त्याचा रोख आहे. गावात तीन पॅनल असतील तर तो चालणार नाही.

यावरून आपल्या मराठी शब्दांकडेही पाहू, कारण चांगले इंग्रजी लिहिण्यासाठी आधी आपल्याला मराठीत काय म्हणायचे आहे ते ठरलेले असावे लागते, आणि या बाबतीत मराठी कोठेच कमी पडत नाही. 'दुही' आणि 'दुफळी' या दोन्ही शब्दांत 'दु' आहे, म्हणजे ते फुटीचे तुकडे मोजतात. गाव दोन फळ्यांत उभे राहिले असेल तरच ते अचूक. तुमच्या गावात तोरणे दोन, मंडप दोन, म्हणून तुम्ही वापरलेला 'दुही' बरोबर आहे. चार वाटा झाल्या असतील तर 'बेबनाव' किंवा 'बेदिली' म्हणावे, कारण हे शब्द तुकडे मोजत नाहीत. 'धुसफूस' ही त्याच्याही आधीची पायरी आहे, जिथे अजून कोणी उघड बोललेले नसते. 'भाऊबंदकी' रक्ताच्या नात्यापुरती आणि बहुतेक वेळा वाटणीच्या जमिनीपुरती. 'सुंदोपसुंदी' हा शब्द मात्र आपण फार सैल हाताने वापरतो. महाभारताच्या आदिपर्वात सुंद आणि उपसुंद हे दोन भाऊ आहेत, इतके एकजीव की त्यांना दुसऱ्या कोणाकडून मरण नव्हते. तिलोत्तमेवरून ते एकमेकांवर उठले आणि एकमेकांच्या हातून मेले. तेव्हा काल-परवापर्यंत एका ताटात जेवणाऱ्या दोन पुढाऱ्यांच्या भांडणाला सुंदोपसुंदी म्हणावे, सबंध गावाच्या फुटीला म्हणू नये. सबंध कुळच आपापसांत लढून नाश पावते तेव्हाचा शब्द 'यादवी', जी प्रभासक्षेत्री झाली. इंग्रजीतल्या 'सिव्हिल वॉर'ला मराठीने हाच शब्द दिला आणि तो फार समर्पक आहे.

वाक्यात वापरायचा तर 'देअर इज डिसेन्शन विदिन द व्हिलेज' असे म्हणता येते. 'अमंग द मेंबर्स' हेही चालते. बहुधा हा शब्द एकवचनीच राहतो आणि त्याच्याआधी 'अ' लावत नाहीत. त्याच्यासोबत नेहमी येणारे क्रियापद 'सो' हे आहे, म्हणजे पेरणे. 'टू सो डिसेन्शन' म्हणजे दुही पेरणे. शेतकऱ्याच्या मुलाला हे क्रियापद लक्षात ठेवायला अडचण पडू नये. आपणही दुहीची बीजे पेरली असे म्हणतो, आणि दोन्ही भाषांत यात एक गोष्ट गृहीत आहे की पेरणारा कोणीतरी असतो आणि उगवून यायला काही दिवस जातात. हा मुद्दा पुढच्या एका पत्राच्या उत्तरात पुन्हा येणार आहे.

प्रश्न : 'सिझम' म्हणावे की 'स्किझम'? आणि त्याचा अर्थ दुही असाच का? (एक विद्यार्थिनी, चिखली, जिल्हा बुलडाणा)

उत्तर : जुना उच्चार 'सिझम', आज 'स्किझम'ही सर्वमान्य आहे, दोन्हींपैकी कोणताही चुकीचा नाही. अर्थ मात्र दुहीच्या एक पाऊल पुढचा आहे. ग्रीक भाषेतल्या 'फाडणे' या क्रियापदापासून तो आला, म्हणून प्रत्यक्ष फाटून दोन झालेल्या संघटनेलाच तो लावावा, विशेषतः धर्मसंस्थेला. 1054 मध्ये पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे ख्रिस्ती चर्च वेगळे झाले ते सिझम. 1378 ते 1417 या काळात एकाच वेळी दोन आणि शेवटी तीन पोप गादीवर हक्क सांगत होते तेही सिझम.

डिसेन्शन आधी आणि फूट नंतर, हा क्रम समजायला आपल्या भागाशी निगडित एक प्रसंग उपयोगी पडेल. राष्ट्रीय सभेचे 1907 चे अधिवेशन खरे तर नागपूरला व्हायचे होते. स्वागताची तयारी चालली असतानाच मवाळ आणि जहाल यांच्यात अध्यक्षपदावरून आणि कार्यक्रमावरून इतके बिनसले की अधिवेशन नागपूरहून हलवून सुरतेला नेण्यात आले. नागपुरात जे झाले ते डिसेन्शन. डिसेंबरमध्ये सुरतेच्या मंडपात रासबिहारी घोष अध्यक्षपदी असताना व्यासपीठावर जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या, सभा उधळली आणि सभेचे दोन तुकडे झाले. इतिहासकार त्याला 'स्प्लिट' म्हणतात, आणि ती सांधायला 1916 चे लखनौ उजाडावे लागले. नागपूर टाळल्याने दुही टळली नाही, तिने फक्त गाव बदलले. याच काळातल्या टिळकांना व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकाराने असंतोषाचे जनक म्हटले, तेव्हा त्याने वापरलेला शब्द 'अनरेस्ट' होता. तो राज्यकर्त्यांच्या विरुद्ध वर जाणारा असतो. डिसेन्शन आपापसांत आडवे पसरते. हे दोन शब्द परीक्षेत एकमेकांच्या जागी लिहू नयेत.

प्रश्न : मी अचलपूर तालुक्यातल्या एका गावाची ग्रामपंचायत सदस्य आहे. गावाच्या ई-क्लास, म्हणजे गुरचराईच्या सरकारी, जमिनीवर एका खासगी गोदामाला जागा देण्याचा ठराव मासिक सभेत आला तेव्हा मी एकटीने विरोध केला, कारण गावची गुरे तिथेच चरतात. त्यानंतर मला एका वकिलामार्फत इंग्रजी नोटीस आली, आणि तिच्यात मी गावात 'डिसेन्शन' पसरवते असे लिहिले आहे. माझा मुलगा म्हणतो की इंग्रजीत विरोधाला 'डिसेंट' म्हणतात, तेव्हा अर्थ एकच आहे, मनाला लावून घेऊ नकोस. खरेच अर्थ एकच आहे का?

उत्तर : ताई, अर्थ एक नाही, आणि आपल्याला तो शब्द लागला हे योग्यच झाले.

डिसेंट आणि डिसेन्शन एकाच लॅटिन धातूपासून आलेले आहेत, म्हणून आपल्या मुलाची गफलत होणे स्वाभाविक आहे. परंतु वापरात या दोघांची वाट कधीच वेगळी झाली आहे. डिसेंट म्हणजे बहुमताहून आपले मत वेगळे आहे असे उघडपणे, नाव घालून सांगणे. तो एका माणसाचा असू शकतो, तो सभेच्या आत होतो, त्याला कारण दिलेले असते आणि तो लिहून ठेवता येतो. डिसेन्शन म्हणजे समूहाची मने एकमेकांपासून तुटण्याची अवस्था. ती कोणा एकाची नसते, तिला कोणी सही करत नाही आणि ती सभेच्या बाहेर, पारावर, पाण्याच्या नळावर, सोयरिकीच्या बोलण्यात वाढते. मराठीत सांगायचे तर पहिला मतभेद, आणि दुसरी बेदिली.

न्यायालयांच्या भाषेत हा भेद अतिशय कसोशीने पाळला जातो. आणीबाणीत अटकेत असलेल्या नागरिकाला आपल्या अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते का, या प्रश्नावर 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. चौघांनी नाही म्हटले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना या एकट्यांनी वेगळे मत लिहिले, आणि पुढे ज्येष्ठता असूनही त्यांना सरन्यायाधीशपद मिळाले नाही, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 1976 चा तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. खन्नांच्या त्या निकालपत्राला सारे जग डिसेंट म्हणते. त्यांनी न्यायालयात डिसेन्शन पसरवले असे कोणताही कायदा जाणणारा माणूस म्हणणार नाही, कारण तो त्यांच्यावर आरोप होईल.

आपल्या नोटिशीत तो शब्द आरोप म्हणूनच आलेला आहे. वर दारव्ह्याच्या वाचकाला सांगितले की डिसेन्शनसोबत पेरण्याचे क्रियापद येते. 'पसरवते' म्हणताना नोटीस लिहिणाऱ्याने आपल्याला पेरणारी ठरवले आहे. गावात हे वारंवार घडते आणि ते बहुधा मराठीतच घडते. ग्रामसभेत कोणी हिशेब विचारला की तो 'गावात फूट पाडणारा' ठरतो, आणि विशेषतः बाईने हात वर केला की हे विशेषण तिला लवकर चिकटते. प्रश्न विचारल्याने गाव फुटत नाही. मी जी गावे फुटताना पाहिली तिथे आधी पुष्कळ वर्षे प्रश्न सभेत विचारूच दिलेले नव्हते. मतभेदाला सभेत जागा मिळाली नाही की तो बाहेर जाऊन बेदिली होतो, आणि मग तोरणे दोन लागतात. म्हणून मतभेदालाच बेदिली म्हणणे ही नुसती भाषेची चूक नाही. त्याने विरोध करणाऱ्याचे तोंड बंद होते आणि ज्याची भीती घातली तेच घडून येते.

नोटिशीला उत्तर आपल्या वकिलांकडूनच जायला हवे, कारण कायद्याच्या बाजूंबद्दल या सदरात बोलणे योग्य होणार नाही. भाषेपुरते सांगतो. उत्तरात 'डिसेन्शन' हा शब्द आपल्या वकिलांनी आपल्या बाजूने एकदाही वापरू नये, नाकारण्यासाठीही शक्यतो अवतरणचिन्हांतच ठेवावा. त्याऐवजी 'माय क्लायंट रेकॉर्डेड हर डिसेंट फ्रॉम द रिझोल्यूशन' असे लिहावे. डिसेंटपुढे 'फ्रॉम' येतो आणि फ्रॉमपुढे ठराव येतो; त्यामुळे आपला विरोध गावाला नसून एका विशिष्ट ठरावाला होता हे त्या वाक्याच्या रचनेतूनच स्पष्ट होते. 'रेकॉर्डेड' हे क्रियापद खरे ठरण्यासाठी मासिक सभेच्या इतिवृत्तात आपला विरोध कारणासह लिहिला गेला आहे का, ते आधी पाहावे. लिहिला असेल तर त्या पानाची नक्कल ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) घेऊन उत्तराला जोडावी. नुसते 'ठराव बहुमताने मंजूर' एवढेच लिहिलेले असेल, तर पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्यापूर्वी लेखी अर्ज देऊन आपले नाव, आपला विरोध आणि गुरांच्या चराईचे कारण त्यात नोंदवण्याची मागणी करावी आणि त्या अर्जाची पोच सही-शिक्क्यासह आपल्याजवळ ठेवावी.